मदत हवी आहे: पीडीएफ रीडरमध्ये उघडत नाही, सारखी ब्राउझरमध्येच जाते

झेरॉक्स_कॉर्नर:
कोणीतरी लवकर सांगा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर पीडीएफ उघडली की ब्राउझरमध्येच उघडते. मला ती रीडरमध्ये हवी आहे. दोनदा बदलून पाहिलं, पुन्हा तेच. काउंटरवर माणसं उभी आहेत.

रानवारा:
विंडोज कुठलं? ७, १० की ११? रीडर म्हणजे कुठला? आणि ‘बदललं’ म्हणजे नेमकं कुठे जाऊन काय केलं? एवढ्यावरून कोणालाच सांगता येणार नाही.

जुनी_खोड:
कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि असॉक, एफटाइप या दोन कमांड वापरा, कुठली फाइल कशात उघडायची ते त्या ठरवतात. एक्सपीच्या काळापासून मी हेच करतो. सेटिंगमध्ये शिरायचं कामच नाही.

तिसरी_घंटा:
@जुनी_खोड, ते आता चालत नाही हो. विंडोज ८ पासून वापरणाऱ्याने निवडलेला प्रोग्रॅम रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, यूजरचॉइस नावाच्या नोंदीत जातो आणि सोबत एक हॅश, म्हणजे पडताळणीचा कोड असतो. ती नोंद असेल तर असॉकला कोणी विचारत नाही. रजिस्ट्रीत हाताने बदल केला तर हॅश जुळत नाही आणि विंडोज तो बदल मानत नाही. कुठल्याही प्रोग्रॅमने परस्पर स्वतःला डिफॉल्ट करून घेऊ नये म्हणूनच ही सोय केली आहे. दुकान चालू असताना त्यांना रजिस्ट्रीत पाठवू नका.

जुनी_खोड:
माझ्या मशीनवर आजही चालतं.

तिसरी_घंटा:
तुमच्याकडे त्या प्रकारच्या फाइलची यूजरचॉइस नोंदच नसेल, म्हणून चालत असेल. त्यांच्याकडे ती असणारच, दोनदा बदललंय म्हणतात ना.

माळरान:
सुमात्रा पीडीएफ टाका. इवलासा आहे, फुकट आहे, जुन्या मशीनवरही पटकन उघडतो. मी घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर तोच ठेवलाय.

झेरॉक्स_कॉर्नर:
विंडोज ११. अ‍ॅडोबीचा रीडर आहे, फुकटवाला. फाइलवर राइट क्लिक, ओपन विथ, चूज अनदर अ‍ॅप, रीडर निवडला आणि ‘ऑल्वेज’ दाबलं. तरी तेच. सुमात्रा नको, मला सहीवर बरोबरची हिरवी खूण हवी आहे.

रानवारा:
कसली सही? हे आधी सांगायला हवं होतं.

झेरॉक्स_कॉर्नर:
ई-आधारची. सकाळी वाडीवरच्या एक आजी पेन्शनच्या कामासाठी प्रिंट घेऊन बँकेत गेल्या आणि परत आल्या. सहीच्या चौकोनात पिवळं प्रश्नचिन्ह आहे आणि ‘सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड’ लिहिलंय, म्हणून काउंटरवरच्याने कागद परत दिला. एसटीने दोन फेऱ्या झाल्या त्यांच्या. कागद पिशवीत नीट घडी घालून ठेवला होता त्यांनी. मला वाईट वाटतंय.

सुमती_क:
ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. माझ्या सासूबाईंचं असंच अडलं होतं.

झेरॉक्स_कॉर्नर:
ताई, पासवर्ड रोज टाकतो, फाइल उघडते. अडलंय ते दुसरीकडेच.

रानवारा:
बरं, मग हे सांगा. उघडताना क्लिक नेमकं कुठे करता? फोल्डरमध्ये जाऊन, की डाउनलोड झाल्यावर ब्राउझरच्या वर उजवीकडे जी यादी येते तिथेच?

झेरॉक्स_कॉर्नर:
तिथेच. सगळे तिथेच करतात ना?

रानवारा:
सापडलं. विंडोजमधलं सेटिंग तुम्ही बरोबरच केलंय. त्या यादीतून फाइल उघडली की ती ब्राउझर स्वतःच उघडू शकतो, विंडोजला विचारत नाही. म्हणून यादीत फाइलच्या नावाशेजारी फोल्डरचं चित्र आहे ते दाबा, डाउनलोड्स उघडेल, तिथे फाइलवर डबल क्लिक करा. रीडर उघडायला हवा. उघडला नाही तर सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डिफॉल्ट अ‍ॅप्स इथे जाऊन वरच्या चौकोनात टिंबासकट .पीडीएफ असं इंग्रजीत टाका आणि काय दिसतं ते इथे लिहा.

तिसरी_घंटा:
यात एक भर. काही साइटवर दुवा दाबला की पीडीएफ डाउनलोड न होता टॅबमध्येच उघडते. तेही थांबवता येतं. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, खाली अ‍ॅडिशनल कंटेंट सेटिंग्ज, त्यात पीडीएफ डॉक्युमेंट्स. तिथे ‘डाउनलोड पीडीएफ्स’ निवडा.

झेरॉक्स_कॉर्नर:
रीडरमध्ये उघडली!! पण प्रश्नचिन्ह अजून आहेच.

तिसरी_घंटा:
ते नुसत्या उघडण्याने जात नाही. नेट चालू ठेवा. सहीवर राइट क्लिक करा, व्हॅलिडेट सिग्नेचर. मग सिग्नेचर प्रॉपर्टीज, शो सायनर्स सर्टिफिकेट. डावीकडे सीसीए इंडिया (डिजिटल सह्यांवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा) नाव दिसतंय का ते आधी बघा, त्यावर क्लिक करा. मग ट्रस्ट टॅब, अ‍ॅड टू ट्रस्टेड आयडेंटिटीज, ओके. पुन्हा एकदा व्हॅलिडेट. हे त्या मशीनवर एकदाच करायचं, सीसीएच्या साखळीतल्या पुढच्या सह्या तपासताना पुन्हा करावं लागत नाही.

माळरान:
एवढं सगळं करण्यापेक्षा बँकेनेच क्यूआर कोड स्कॅन करावा की. कागदावर छापलेली खूण बघून काय कळतं?

रानवारा:
@माळरान, मुद्दा खरा आहे. डिजिटल सही फाइलमध्ये असते, छापल्यावर उरतं ते फक्त चित्र. पण त्या आजी काउंटरवर हा वाद घालणार आहेत का? त्यांना आज खूण असलेला कागद मिळू दे.

कोकणी_माणूस:
सातबाऱ्यालाही असंच लागतं का? डिजिटल सहीचा घेतला होता, १५ रुपये भरून.

तिसरी_घंटा:
त्यावर पडताळणी क्रमांक असतो, समोरचा तो साइटवर टाकून बघू शकतो. बाकीचं नवीन धाग्यात विचारा, इथे गुंता होईल.

झेरॉक्स_कॉर्नर:
आली हिरवी खूण. प्रिंटवरही आली. रानवारा, तिसरी_घंटा, मनापासून आभार. कालपासून मी विंडोजच्याच मागे लागलो होतो.

सुमती_क:
दादा, एक विनंती. लोकांच्या आधारच्या फाइली डाउनलोड्समध्ये तशाच राहू देऊ नका. प्रिंट झाली की डिलीट करा आणि रिसायकल बिनमधूनही काढा. दुकानात कॉम्प्युटरवर कोण कोण बसतं.

झेरॉक्स_कॉर्नर:
खरंय ताई. आत्ता बघितलं तर मार्चपासूनच्या पडल्या आहेत. आजींचा कागद बाजूला काढून ठेवलाय, चारच्या एसटीआधी येतील. त्यांना दिला की बसतो साफ करायला.