मदत हवी आहे: अपडेट केल्यापासून राउटर रुसलाय

मंडळी, परवा रात्री राउटरच्या सेटिंगमध्ये 'नवीन फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) उपलब्ध' दिसलं आणि मला अवदसा आठवली. अपडेट दाबलं. आमच्या बेळगावच्या वडगावात नेमकी तेव्हा लाईट गेली नाही हे नशीब, पण राउटर सुरू झाला तो पाटी कोरी करूनच.

१९२.१६८.०.१ हे राउटरच्या सेटिंगचं पान उघडून पीपीपीओईचं, म्हणजे नेट कंपनीच्या लॉगिनचं, युजरनेम-पासवर्ड परत घातलं. तीनदा! मोबाईल वायफायला जोडला जातो, नेट मात्र नाही. इंटरनेटचा दिवा नारिंगीच. फायबरच्या डब्याला लॅपटॉप थेट केबलने जोडून तेच युजरनेम घातलं, तर झकास चालतं. म्हणजे लाईन ठीक, घोळ राउटरमध्येच ना? नेटवाल्याला फोन केला, तर 'नम्म कडे एल्ला बरोबर ऐत्री' (आमच्याकडे सगळं बरोबर आहे) म्हणून तो मोकळा.

आता राउटरच्या सेटिंगमध्ये व्हीलॅन आयडीचा (एकाच लाईनवरचं वेगवेगळं नेटवर्क ओळखायचा क्रमांक) एक रकाना नव्याने आलाय. तो रिकामा सोडायचा की काही घालायचं? की लॅपटॉपचं लॉगिन नेटवाल्याकडे अडकून राहतं, म्हणून राउटरला आत घेत नसेल? जुनं फर्मवेअर परत घालता येतं का, की राउटर कायमचा जाईल?

सोमवारी मुलीचा ऑनलाईन क्लास आहे, तोवर माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर अख्खं घर. कुणी जाणकार शहापूर-वडगाव भागातले असतील तर घरीच या, चहा माझ्याकडून.