शब्दचर्चा: 'मॉक एपीआय'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: खरा सर्व्हर तयार नसला की टर्मिनलवर एक कमांड देऊन आपल्याच मशीनवर खोटी एपीआय (ॲपच्या विनंत्यांना उत्तर देणारी सोय) उभी करतात. तिला 'नकली एपीआय' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद १: बोलताना चालेल. लिहिताना नको, कारण तीन वेगळ्या गोष्टी एकाच दावणीला बांधल्या जातात. स्टब ठरलेलं उत्तर देतो. मॉक आलेली विनंती अपेक्षेप्रमाणे होती का, किती वेळा आली, हेही तपासतो. फेक खरोखर काम करतो, फक्त कामचलाऊ. जेसन-सर्व्हर हे साधन म्हणजे फेक: त्याला जेसन फाइल (नोंदींची मजकूर फाइल) दिली की मशीनच्या ३००० पोर्टवर एपीआय सुरू, आणि पोस्ट (नवी नोंद देणाऱ्या विनंती)ने पाठवलेली नोंद त्याच फाइलमध्ये लिहिली जाते. म्हणूनच तीच चाचणी पुन्हा चालवली की नोंदींची संख्या जुळत नाही. मूळ फाइल बाजूला ठेवा, दरवेळी तिची प्रत वापरा.

प्रतिसाद २: या सगळ्यांना मिळून सॉफ्टवेअर चाचण्यांवर लिहिणारे जेरार्ड मेसारोस यांचा शब्द 'टेस्ट डबल', म्हणजे चाचणीत खऱ्याच्या जागी उभा राहणारा. त्यासाठी 'तोतया' चपखल बसतो, कारण ॲपला फसवणं हेच तर काम! 'डमी' मात्र नको. त्यांच्याच वर्गीकरणात डमी वेगळा आहे, नुसती जागा भरणारा.

प्रतिसाद ३: 'सिम्युलेशन'ला मी 'सोंग' म्हणेन. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही. लोकलहोस्टला, म्हणजे आपल्याच मशीनला, तसं अंतराचं येत नाही. उत्तर क्षणात येतं आणि टाइमआउटचा (वाट पाहण्याची मुदत संपल्यावरचा) कोड कधी चालतच नाही. वायरमॉक या खोटी एपीआय उभी करणाऱ्या साधनाच्या मॅपिंगमध्ये (कोणत्या विनंतीला कोणतं उत्तर, ही नोंद) स्थिर विलंब मिलिसेकंदांत द्यावा लागतो. ॲपचा टाइमआउट ३ सेकंद असेल तर विलंब ५००० द्या. २००० दिलात तर नुसता लोडर फिरेल.

प्रतिसाद ४: डेव्ह प्रॉक्सी हे साधन मग कशात धरायचं? ते खऱ्या एपीआयच्या वाटेत बसून मध्येच ४२९ (विनंत्या फार झाल्या) किंवा ५०३ (सेवा उपलब्ध नाही) हे त्रुटी-कोड परत करतं.

प्रतिसाद ३: सोंगातच. पण एचटीटीपीएससाठी त्याचं सर्टिफिकेट विश्वासू म्हणून नोंदवा, नाहीतर विनंती टीएलएसवरच (सुरक्षित जोडणी जुळवतानाच) अडते आणि लोक एपीआयला बोल लावतात.

प्रतिसाद १: शब्द कोणताही घ्या, बगच्या नोंदीत 'एपीआय ४०४ (सापडलं नाही) देते' एवढंच लिहू नका. जुळणारा स्टब नसला तरी वायरमॉक ४०४च देतो. तेव्हा प्रतिसादाचा मजकूर उघडून बघा: जवळचा स्टब असेल तर विनंती नेमकी कुठे चुकली ते तिथे ओळीनिशी दिसतं.