शकुंतलेच्या बंद रुळांच्या जागेवर बीआरटी होऊ शकते का?

दर्यापूरकर_पुण्यात:
मंडळी, मूळचा दर्यापूरकडचा, नोकरीपायी पुण्यात. आमची शकुंतला, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज, बंद पडून बरीच वर्षं झाली, रुळांत बाभळी वाढल्यात. ब्रॉडगेज होणार होणार हे लहानपणापासून ऐकतोय. मग असं डोक्यात आलं की जवळपास 190 किमीचा सलग पट्टा आयता पडलाय, नव्याने भूसंपादनाची कटकट नाही, तर रूळ काढून फक्त बससाठी राखीव रस्ता, म्हणजे बीआरटी, का करत नाहीत? बाहेरच्या देशांत केलंय म्हणतात. कोणाला नीट माहिती असेल तर सांगा. आणि प्लीज पुण्याच्या बीआरटीवरचे जोक नकोत, ते मी रोज जगतोय.

व्हॅलीतली_वहिनी:
मी लॉस एंजेलिसला सॅन फर्नांडो व्हॅलीत राहते, इथली ऑरेंज लाइन (आता जी लाइन म्हणतात) अगदी तुम्ही म्हणताय तशीच आहे. सदर्न पॅसिफिकची जुनी मालगाडीची लाइन होती, तिच्यावर 2005 मध्ये साधारण 22 किमीचा बसमार्ग झाला, 2012 ला चॅट्सवर्थपर्यंत वाढवला. मजा म्हणजे बस ही कोणाची पहिली पसंती नव्हतीच, घरांजवळून ट्रेन नको म्हणून लोकांनी आरडाओरडा केला आणि 1991 मध्ये तिथे जमिनीवरून रेल्वे न्यायला बंदी घालणारा कायदाच आला, म्हणून बस. पण चालली हो, सुरुवातीपासूनच अंदाजापेक्षा जास्त गर्दी. घोळ झाला तो क्रॉसिंगला. गाडीवाले सिग्नल तोडून बसवर आदळायला लागले, मग बसने प्रत्येक चौकात ताशी 16 किमीने जायचं असा नियम केला, म्हणजे वेगळा रस्ता असून वेग गेलाच की. फाटकं बसवायचं ठरायला पुढे कित्येक वर्षं गेली. तुमच्याकडे तर दर गावाला बैलगाडीची वाट रूळ ओलांडते, तिथे काय करणार हे आधी ठरवा.

वऱ्हाडी_ठेचा:
भाऊ आयडिया बम भारी हाय पण मले एक सांगा, अचलपूरले लागून असलेल्या परतवाड्याचा माणूस मूर्तिजापूरले जाते काऊन? दवाखाना, कोर्ट, कॉलेज सारं अमरावतीले. यवतमाळवाला बी नागपूर नाही तं अमरावतीच पाह्यते. शकुंतला टाकली थे इंग्रजाईनं कापूस न्याले, माणसं न्याले नाही. कापसाची गाठ मूर्तिजापूरले मेन लाइनले लागली का तिथून थेट मुंबई बंदर, म्हणून रूळ तिकडं गेले. आता त्याच वाटेनं बस सोडसान तं बसन कोन?

फलाटावरचा:
ठेचा यांचा मुद्दा लाखमोलाचा. जपानमध्ये 2011 च्या त्सुनामीत केसेन्नुमा लाइन वाहून गेली, तिथे जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने 2012 पासून रुळांच्या जागी डांबर टाकून बस चालू केल्या. बहुतेक ठिकाणी एकच लेन, समोरची बस जाईपर्यंत ठरलेल्या जागी थांबायचं. त्यांनी शहाणपण हे केलं की बसला पट्ट्यावर बांधून ठेवलं नाही, गावं उंचावर हलली तर बसही वळून दवाखान्यापर्यंत, नगरपालिकेपर्यंत जाते, रेल्वेला ते जमलंच नसतं. पण दुसरी बाजूही ऐका. सुरुवातीला म्हणे तात्पुरती सोय, आणि 2020 मध्ये तो भाग रेल्वे म्हणून कायमचा बंद केला. ब्रॉडगेजसाठी अचलपूरला सत्याग्रहाला बसलेल्या लोकांना जाऊन सांगा की रूळ काढतोय, बघा काय होतं ते.

खडी_डांबर:
सिव्हिलवाला आहे म्हणून बोलतो. नॅरोगेजचा भराव जेमतेम एका बसच्या रुंदीचा, दोन बस समोरासमोर आल्या की संपलं. त्यात वऱ्हाडातली काळी माती, पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, रुळाखाली खडी ठोकून लेव्हल करता येते पण डांबर सरळ फाटतं. पुलांवर तर रस्त्याचा स्लॅबच नाही, नुसते गर्डर. इंग्लंडात केंब्रिज-सेंट आयव्हज जुन्या रेल्वेवर काँक्रीटच्या पन्हाळ्यातून धावणारी बस केली, 2011 ला सुरू झाली, चांगली चालते, पण उशीर झाला, खर्च हाताबाहेर गेला आणि भांडण कोर्टापर्यंत. आयती जमीन म्हणजे स्वस्त काम असं समजू नका.

दर्यापूरकर_पुण्यात:
ठेचाभाऊ, परतवाड्याचं मान्य, पण दर्यापूर-अंजनगावच्या माणसाला मुंबई-पुण्याची गाडी मूर्तिजापूरला सोयीची पडते ना? आणि यवतमाळच्या बाजूने कारंजाचं पण तेच. मी 190 किमीचा हट्ट सोडतो.

फलाटावरचा:
मग आधी डांबर कशाला? आहे त्याच रस्त्यावरून अंजनगाव-दर्यापूर-मूर्तिजापूर एसटी बस रेल्वेच्या वेळेला जोडून मागा, रेल्वे लेट झाली तर बस थांबली पाहिजे ही अट घालून. दोन वर्षं बस भरून गेली तर मूर्तिजापूर शहरात शिरताना जिथे खोळंबते तेवढाच तुकडा रुळांच्या जागेवरून काढायची मागणी करता येईल. बाकी पट्ट्यावर अतिक्रमण होऊ देऊ नका, ते एकदा झालं की ना ट्रेन ना बस.

वऱ्हाडी_ठेचा:
हे जमते. डेपोत अर्ज मी देतो, सह्या तुमी गोळा करा. आन रात्रीच्या गाडीले बस पाह्यजेच हे मोठ्या अक्षरात लिवजा, नाही तं सकाळी दहाची एक बस देऊन मोकळे होतीन.