दोनशे फुटांवरची करवत: धमक की कसब?

फणसाड
अमेरिकेचा वायव्य किनारा आणि शेजारचा ब्रिटिश कोलंबिया. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथल्या डग्लस फरच्या जंगलात तोडीच्या जागी एक उंच, सरळसोट झाड 'स्पार' म्हणून राखून ठेवत. त्याचा शेंडा उडवायचा, खोडाला कप्प्या आणि तारदोर बांधायचे, की उभी क्रेन तयार. ही चढाई करणारा हाय क्लाइंबर मला लाकूडतोडीच्या इतिहासातला सर्वांत कणखर माणूस वाटतो. दीडशे-दोनशे फूट उंची, बुटांना पोलादी काटे, कमरेला पट्टा, झाडाभोवती एक दोर, पट्ट्याला लोंबणारी कुऱ्हाड आणि करवत. आजच्या हार्नेसवाल्या पिढीला हे झेपणार नाही.

सह्यकडा
शेवटचं वाक्य सोडून बाकी मान्य. पण नुसतं 'कणखर' म्हटलं की त्या माणसाची अक्कल झाकली जाते. साधी चढाई घ्या. जुन्या फरची साल बुंध्याशी वीतभर जाड आणि भुसभुशीत, म्हणून काटे विजेच्या खांबावरच्या काट्यांपेक्षा लांब. घाबरून झाडाला मिठी मारली की काट्याचा कोन बिघडतो, साल सोलून निघते आणि पाय सुटतो. गुडघे खोडापासून दूर आणि अंग मागे रेललेलं, तरच काटा आत रुततो. दोर वर सरकवायचा तर क्षणभर अंग खोडाकडे घ्यायचं, दोर सैल पडला की झटका देऊन वर फेकायचा, मग दोन-तीन पावलं. खोड निमुळतं होत जातं तसा दोर आखूड करायचा. वाटेतल्या फांद्या कुऱ्हाडीने छाटत जायचं. एक घाव चुकून दोरावर बसला तर संपलं, म्हणूनच त्या दोराच्या पोटात पोलादी तार असे. हे सगळं शिकून येतं.

तारदोर
शेंडा उडवण्याबद्दल भर घालतो, कारण खरा धोका तिथे आहे. दोन-तीन फूट जाडीच्या जागी, शेंडा जिकडे पाडायचा त्या बाजूला कुऱ्हाडीने खाच, मग उलट बाजूने, खाचेपेक्षा किंचित वरून करवत. शेंडा कलंडताना खोडाला मागे ढकलतो आणि सुटल्यावर खोड मोठमोठे हेलकावे घेतं. बघणाऱ्याला हेच भयंकर वाटतं, पण काटे आणि दोर पक्के असतील तर त्यातून माणूस वाचतो. वाचत नाही तो खोड उभं चिरलं तर. खाच उथळ राहिली किंवा शेंडा एका बाजूला फार झुकलेला असला, की कापणी पुरी होण्याआधीच लाकूड फाटतं. फाटलेलं खोड फुगतं, भोवतीचा दोर ताणला जातो आणि चढणारा दोर आणि खोड यांच्यामध्ये चिरडला जातो. म्हणून खाच खोल हवी, वारा असताना करवत लावायची नाही आणि झाड निवडतानाच कुजका गाभा, कल, जुन्या चिरा बघून घ्यायच्या. अर्धं काम जमिनीवरून नजरेने होतं.

फणसाड
तारदोर, तपशील उत्तम. पण खाच किती खोल हे पुस्तकातून कळेल. हेलकावा सुरू झाल्यावर हात-पाय न गोठणं कळणार नाही. हजारो कामगारांत हाय क्लाइंबर मोजकेच होते आणि त्यांना मजुरीही जास्त मिळायची. ती ही धमक असण्याची किंमत.

विळाकोयता
मजुरी जास्त मिळायची ती काम अडायचं म्हणून. आणि वर बघता बघता खालचे लोक विसरू नका. ओंडक्याला तारेचा फास घालणारे चोकर-सेटर तारदोराच्या पल्ल्यात उभे असत. तार तुटली, ओंडका उसळला, की अंगावर. पाडणारे बुंध्याच्या फुगवट्याच्या वर, खाचेत खोचलेल्या फळीवर उभे राहून दोघांची लांब करवत ओढत. राळेने पातं चिकटू नये म्हणून रॉकेलची बाटली जवळ. दिवस दहा तासांचा, पथारी स्वतःची आणि कॅम्पात उवा. १९१७च्या संपानंतर, १९१८ मध्ये अमेरिकेच्या बाजूला आठ तास मिळाले. कणखरपणाच्या कौतुकात हा लढा दिसेनासा होतो, हा माझा आक्षेप.

सह्यकडा
अगदी. आणि फणसाड, 'आजच्यांना झेपणार नाही' कशावरून? आपल्या कोकणात, गोव्यात पाडेली आजही पायाला दोराचा फास लावून माडावर चढतात. माडाला फांद्या नाहीत, करवतीचा धक्का नाही, उंचीही कमी. पण तोल आणि पायांतली पकड तीच. कसब काळाबरोबर मरत नाही, काम संपलं की मरतं.

तारदोर
आणि हे काम का संपलं, तेही बघा. शेंडा उडाला म्हणजे स्पार तयार होत नाही. आधी एक हलकी कप्पी वर न्यायची. तिच्यातून दोर ओवून विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, बाकीचं सामान ओढायचं: तार लाकडात रुतू नये म्हणून खोडाभोवती ठोकायच्या लोखंडी पट्ट्या, शेकडो किलोंची मोठी कप्पी, टोकाला सहा-आठ स्टे, म्हणजे खोडाला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा, आणि मध्यावर वाकू नये म्हणून आणखी काही. प्रत्येक स्टे खाच पाडलेल्या खुंटाला बांधायचा, ओढीच्या उलट बाजूचे सर्वांत मजबूत. आणि तेवढ्या भागातली तोड संपली की सगळं उतरवून पुढच्या झाडावर पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या महायुद्धानंतर चाकांवरचे पोलादी मनोरे आले. ते हलवून उभे करायला फार कमी वेळ लागायचा, म्हणून कंपन्यांनी स्पार सोडले. चढणारे मिळेनासे झाले म्हणून नाही.

फणसाड
हे मान्य. 'आजची पिढी'वालं वाक्य मागे घेतो. धमक लागते हे मत मात्र कायम.