३२ जीबीचं कार्ड टाकलं, तरी जागा जुन्या ८ जीबीएवढीच दिसते

बागवाला_तासगाव:
नमस्कार मंडळी. तासगावजवळ आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. पंपाच्या खोलीत रास्पबेरी पाय (मेमरी कार्डावर चालणारा छोटा कॉम्प्युटर) बसवलाय. दर पाच मिनिटांनी तापमान, आर्द्रता, पानाचा ओलेपणा नोंदतो आणि तासाला एका वेलीचा फोटो काढतो. रात्री पान किती तास ओलं होतं ते बघूनच सकाळी डाऊनी रोगाचं औषध घ्यायचं का, ते मी ठरवतो.

फोटोंनी ८ जीबीचं कार्ड भरलं आणि परवापासून नोंदी थांबल्या. सांगलीतून ३२ जीबीचं आणलं, लॅपटॉपवर डीडी कमांडनं जुनं कार्ड जसंच्या तसं त्यावर उतरवलं. पाय सुरू झाला, पण जागा दाखवणारी डीएफ कमांड अजून ७ जीबी, शंभर टक्के भरलेलं दाखवतंय. कार्डाचं मूळ माप दाखवणारी एलएसबीएलके मात्र कार्ड २९.७ जीबीचं म्हणतंय. छाटणीला ३२ दिवस झालेत, दोडा अवस्था (फुलोऱ्याआधीची), आणि आभाळ आलंय. तीन हंगामांच्या नोंदी आत आहेत, त्या घालवून नवीन सिस्टीम टाकायची माझी तयारी नाही. वाटेल ते शिकतो, पण नोंदी राहिल्या पाहिजेत.

मिरजेचा_लिनक्सवाला:
दादा, नोंदी कुठं जात नाहीत. डीडीनं कार्डाचा सातबारासुद्धा जुनाच उतरवलाय. रान वाढलं, पण उताऱ्यावर क्षेत्र जुनंच आहे. कोरी रास्पबेरी पाय ओएस पहिल्यांदा सुरू होताना स्वतःच पसरते, पण तुमच्या कार्डावर ते काम कधीच होऊन गेलंय, म्हणून ती आता आपोआप पसरणार नाही.

कामं दोन. आधी पार्टिशन, म्हणजे कार्डावर आखलेला भाग, वाढवायचं (उतारा दुरुस्त), मग त्यातली फाइलसिस्टीम (रान वहिवाटीत). पहिल्याला ग्रोपार्ट, ते क्लाउड-गेस्ट-युटिल्स या पॅकेजात मिळतं. दुसऱ्याला रिसाइझ-टू-एफएस. ग्रोपार्टला कार्डाचं नाव, मग जागा सोडून आकडा २ (म्हणजे दुसरं पार्टिशन). रिसाइझला मात्र पी२ नावाला चिकटूनच. इथं बरेच जण चुकतात. तुमची फाइलसिस्टीम ईएक्सटी४ प्रकारची, ती चालू असतानाच वाढते, कार्ड काढायला नको. लहान करायची असेल तरच ती आधी अनमाउंट करावी लागते.

विट्याहून:
पायच्या रास्पी-कॉन्फिग या सेटिंग टूलच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये एक्स्पांड फाइलसिस्टीम आहे, त्यानंतर रीबूट. तेही चालेल. पण एफडिस्कनं हातानं करायला जाऊ नका. त्यात पार्टिशन पुसून पुन्हा लिहावं लागतं आणि सुरुवातीचा सेक्टर चुकला की सिस्टीम उठतच नाही. दुसरं म्हणजे, शेतीची लाइन जायच्या वेळेला हे करू नका. आणि जुनं कार्ड आठवडाभर तरी डब्यात तसंच ठेवा.

बागवाला_तासगाव:
लगेच करून बघितलं. पॅकेजच बसेना. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येतंय. जागा वाढवायलाच जागा नाही!

मिरजेचा_लिनक्सवाला:
हे मी आधीच सांगायला हवं होतं. ग्रोपार्ट स्वतःसुद्धा टेम्पमध्ये (तात्पुरत्या फाइलींच्या जागी) एक फोल्डर करतं, त्यामुळं भरलेल्या कार्डावर तेही अडतं. आधी सुडो ॲप्ट क्लीन मारा, जुन्या डाउनलोड झालेल्या फाइली जातील. तुमच्या नोंदींना धक्का लागत नाही. तेवढ्यानं भागलं नाही, तर चार-दोनशे फोटो लॅपटॉपवर हलवा.

बागवाला_तासगाव:
झालं! घरून बॅटरी नेली आणि पाय तिच्यावर चालवला, म्हणजे लाइनीची भानगड नको. ॲप्ट क्लीननं साडेतीनशे एमबी मोकळे झाले. ग्रोपार्टनं 'चेंज्ड' म्हणून एक लांब ओळ दिली. त्यात स्टार्ट, म्हणजे सुरुवातीचा सेक्टर, ५३२४८० होता, आधी वहीत लिहून ठेवलेला तोच. तो जुळला तेव्हा जीव भांड्यात पडला. मग रिसाइझ, दहा सेकंदही लागले नाहीत. डीएफ आता २९ जीबी दाखवतंय. एकच विचारतो, ३२ चे २९ का? दुकानदारानं फसवलं तर नाही ना?

विट्याहून:
नाही हो. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, लिनक्स १०२४ च्या पटीत मोजतं. ३२०० कोटी बाइटचे त्या हिशोबानं २९.८ होतात. थोडी जागा बूट पार्टिशनला आणि फाइलसिस्टीमच्या स्वतःच्या हिशोबाला जाते. कार्ड खरं आहे का ते बघायचं असेल, तर एफ३ नावाचं टूल लॅपटॉपवर चालवा. पण मोकळ्या जागेवर लिहून वाचणारंच वापरा. थेट कार्डावर लिहिणारं नोंदी पुसू शकतं.

बागवाला_तासगाव:
बघतो. नोंदी रात्री पावणेनऊला सुरू झाल्या. दोन दिवसांची भोकं राहिली, पण कालची रात्र पूर्ण आली: पान अकरापासून सकाळी साडेसातपर्यंत ओलं. आत्ता टाकीत औषध कालवतोय.