जुना विषय 'उकरून' काढला, की नुसताच काढला?

सचिव ब-विंग
मंडळी, एका क्रियापदावरून आमच्या सोसायटीत धुसफूस चालू आहे, निवाडा तुम्हीच करा. राहतो डोंबिवलीत, सोसायटीचा सचिव आहे (दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून). दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या जागा कायमच्या वाटून टाकायचा ठराव झाला होता. यंदा 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' सुरू झाले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी तेच पुन्हा घेतलं. मी इतिवृत्तात लिहिलं, 'एका सभासदांनी पार्किंगचा जुना विषय पुन्हा उकरून काढला. त्यावर चर्चा झाली.' मसुदा वाचून काका तडक घरी आले. 'उकरायला मी काय कोंबडी आहे?' शब्द गाळल्याशिवाय इतिवृत्त कायम होऊ देणार नाही म्हणतात.

माझं म्हणणं, उकरून काढणं म्हणजे खाली गेलेलं वर आणणं, बास. आमच्या वाईला 'रात्रभर जुन्या आठवणी उकरत बसलो' असं कुणीही बोलून जातं, त्यात कुणाचा अपमान नसतो. तर शब्दात खरंच खोच आहे का? आणि असेल तर त्या जागी काय लिहू?

शब्दवेडी
खोच आहेच. उत् + कॄ, उत्किरति, त्यावरून उकरणे. संस्कृतात 'उत्कर' म्हणजे उपसून टाकलेल्या केरमातीचा ढीग. आपला उकिरडा त्याच घराण्यातला. तेव्हा काकांना कोंबडी सुचली ती उगाच नाही! आठवणींना उजाळा देतात, आठवणी जागवतात, चाळवतात. उकरतात ती भांडणं आणि उणीदुणी.

मेणवलीकर
सचिवसाहेब, वाईचं नाव कशाला मध्ये घेता? माझं सगळं बालपण घाटावर गेलं. आठवणी 'काढत बसलो' ऐकलंय, 'उकरत बसलो' कधीच नाही. तुमच्या घरातली बोली असेल ती.

सचिव ब-विंग
@मेणवलीकर, आमचं घर वाईतच आहे हो, गणपती आळीत. आई अजून तसंच बोलते.

इंदुरी जिरावन
आमच्याकडे याला एकच प्रयोग, गडे मुर्दे उखाडना. मराठीत घरी 'मेलेली मढी उकरू नका' म्हणतो. काकांना तेच लिहून दाखवा, 'उकरून काढला' एकदम गोड वाटायला लागेल.

शुद्धलेखनवाला
'मढी उकरणे' ही सरळसरळ हिंदीची नक्कल. आपण मढं जाळतो, पुरत नाही. जाळलेलं उकरणार काय? 'कोळसा उगाळावा तितका काळाच' असली अस्सल म्हण आपल्याकडे असताना उसनवारी कशाला?

शब्दवेडी
'आपण' म्हणजे कोण हो? लिंगायत पुरतात. संन्याशाला समाधी देतात. तान्ही मुलं सगळेच पुरतात. वसईचे ख्रिस्ती आणि कोकणातले मुसलमान घरात मराठी बोलतात की नाही? भाषा फक्त जाळणाऱ्यांची आहे का?

काणकोणकर
आमच्या कोंकणीत 'मडें', ड आहे, ढ नाही. मृत वरून ड येतो हे सरळ दिसतं. तुम्ही मराठीवाल्यांनी त्यात ह कुठून घुसवला ते आधी सांगा.

शुद्धलेखनवाला
'मढणे' (गुंडाळणे) वरून. प्रेत कापडात मढवतात म्हणून मढे.

शब्दवेडी
हे तुम्ही आत्ता जेवताना रचलंत. 😄

जुना कारकून
मूळ प्रश्नाकडे येतो. सगळी नोकरी टिपण्या लिहिण्यात गेली, त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे. कार्यालयात विषय कुणी 'उकरत' नाही. नस्ती (म्हणजे फाइल) 'फेरसादर' होते, प्रकरण 'पुनश्च विचारार्थ' येतं. 'दप्तरी दाखल' झालेला कागदसुद्धा मेलेला नसतो. अभिलेख कक्षाला मागणी टाकली की कापडात गुंडाळलेला गठ्ठा धूळ झटकत टेबलावर येतो. 'बासनात गुंडाळणे' हा वाक्प्रचार तिथलाच. पोथीचं किंवा कागदांचं कापड ते बासन. पेशवे दप्तरातले कागद तर रुमालांत बांधलेले आणि मोजतातही रुमालांवर. तेव्हा साहेब, तुम्ही लिहा, 'विषय पुनश्च चर्चेस घेण्यात आला.' कर्ता नाही, खोच नाही, भांडण नाही.

आता शब्दापेक्षा महत्त्वाचं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत स्पष्ट आहे की सर्वसाधारण सभेचा आधीचा ठराव रद्द करणारा ठराव, मूळ ठरावाला सहा महिने झाल्याशिवाय सभेपुढे आणता येत नाही. तुमच्या ठरावाला दोन वर्षं झाली. म्हणजे काका चुकलेले नाहीत. फार तर आयत्या वेळी न काढता आधी पत्र देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावायचं, एवढी रीत त्यांनी पाळायला हवी होती. मग शेजारच्या विंगेतल्यांनाही तयारी करून येता आलं असतं.

सचिव ब-विंग
हेच तर! पत्र दिलं असतं तर मीही 'मांडला' लिहिलं असतं. सभा संपत आली, चहाचे कप फिरायला लागले, निम्मे लोक उठले, तेव्हा काढला. याला उकरणं नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

कोर्टाची पायरी
वकिली करते म्हणून दोन शब्द टाकते. जुनं प्रकरण पुन्हा उघडायला कायद्यात वेगवेगळी दारं आहेत आणि दाराप्रमाणे शब्द बदलतो. त्याच न्यायालयाने आपलाच निर्णय पुन्हा पाहायचा तर पुनर्विलोकन, वरच्याने खालच्याचा तपासायचा तर पुनरीक्षण. वर्तमानपत्रं दोन्हींना 'फेरविचार' म्हणून मोकळी होतात, त्याचा मला भयंकर राग येतो. पुनर्विलोकनाला साधारण ३० दिवसांची मुदत, आणि नुसतं 'मला निकाल पटला नाही' चालत नाही. नवा पुरावा सापडला, जो आधी प्रयत्न करूनही हाती लागला नव्हता, किंवा निकालात उघड दिसणारी चूक आहे, असं काहीतरी दाखवावं लागतं. आणि ज्याचा निवाडा झाला तोच वाद त्याच पक्षांनी नव्या दाव्यात आणला तर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चं कलम ११ आडवं येतं. त्याला 'प्राङ्न्याय' म्हणतात.

लोकसभेच्या नियम ३३८ मध्येही तेच. सभागृहाने ज्यावर निर्णय दिला तोच प्रश्न त्याच अधिवेशनात पुन्हा आणता येत नाही. पुढच्या अधिवेशनात खुशाल आणा.

तेव्हा माझ्या मते काकांना विचारायचा प्रश्न एकच. नवीन काय आहे? नव्या गाड्या आल्या, कुणी जागा भाड्याने दिली, असं काही असेल तर 'फेरविचारार्थ मांडला' (हो, इथे तो शब्द चालेल). काहीच नवीन नसेल तर सचिवांचा शब्द बरोबर आहे.

शुद्धलेखनवाला
प्राङ्न्याय! उच्चारून तरी बघा. हा शब्द भाषांतरवाल्यांनी कोशात बसून घडवला. कोर्टातल्या शिपायाला विचारा, त्याला कळतो का.

कोर्टाची पायरी
कोशात बसून घडवलेला नाही, फार जुना आहे. धर्मशास्त्रात प्रतिवादीचं उत्तर चार प्रकारचं सांगितलंय. कबुली, नकार, 'खरं आहे पण कारण होतं', आणि चौथं 'याचा निवाडा आधीच झालाय'. त्या चौथ्याचं नाव प्राङ्न्याय. मिताक्षरेत (याज्ञवल्क्य स्मृतीवरची टीका) सापडेल. शिपायाला 'समन्स' कळतं म्हणून ते शुद्ध मराठी झालं का?

मेणवलीकर
टाळ्या.

नगरची आत्या
तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय. ठरलेला विषय पुन्हा काढणं आणि न ठरलेला विषय पुन्हा काढणं यात फरक आहे. न ठरलेला तो भिजत घोंगडं. त्याची आठवण करणारा उलट उपकार करतो. ठरलेला काढला तर शिळ्या कढीला ऊत. आणि ज्याने काढला त्याचा हेतू बघायचा. माझे दीर वाटणी होऊन इतकी वर्षं झाली तरी दर दिवाळीला विहिरीतल्या हिश्शाचं बोलतात. फराळाचं ताट हातात, चकली मोडली की 'वहिनी, त्या पाळीचं काय ठरलं होतं हो?' ठरलेलं त्यांनाही पाठ आहे. त्यांना उत्तर नकोच असतं. आम्ही त्याला घरात 'चकलीचा विषय' म्हणतो. सचिव, तुम्हीही तसं काही नाव पाडा.

खवय्या
शिळ्या कढीला ऊत आणून दाखवाच कुणी. ताज्या कढीलासुद्धा जाणता माणूस ऊत येऊ देत नाही. ढवळत राहायचं, कडेने बुडबुडे धरले की गॅस बंद. खळाखळा उकळली की फुटते, ताक वेगळं आणि पाणी वेगळं. म्हणजे म्हणीचा अर्थ 'शिळी गोष्ट तापवणं' एवढाच नाही, 'तापवून नासवणं' असा आहे. हे कुणी सांगत नाही.

नगरची आत्या
पुरेसं बेसन लावलं तर फुटत नाही. आमची चांगली उतू जाते, शेगडी पुसून हात दुखतात.

काणकोणकर
आमची कढी सोलांची, विस्तवाशी संबंध नाही. नारळाचं दूध न घालता केली की तिला 'फुटी कढी' म्हणतात, आणि फुटी असूनही तीच जास्त संपते. म्हण घाटावरची दिसते.

इंदुरी जिरावन
सोलकढी ही कढी नाही. माफ करा पण नाही. ते सरबत आहे.

काणकोणकर
शेव घालून पोहे खाणाऱ्यांनी कढीवर बोलू नये.

सचिव ब-विंग
मंडळी, इतिवृत्त द्यायचं आहे. 'पुनश्च चर्चेस घेण्यात आला' वर काकांचा नवा आक्षेप, 'घेण्यात आला म्हणजे कुणी घेतला? माझं नाव का गाळलं?' आता बोला.

शब्दवेडी
अगदी योग्य आक्षेप! मराठीत जुना विषय काढणाऱ्याला हिणवायला किती प्रयोग, मढी आहेत, कोळसा आहे, कढी आहे, तुणतुणं, पालुपद... आणि सन्मानाने काढणाऱ्यासाठी नाव घेऊन लिहिता येईल असं एक क्रियापद नाही. म्हणून सरकारी भाषा कर्त्यालाच पळवून लावते. मला वाटतं 'विषयाला पुन्हा तोंड फोडलं' बरं.

जुना कारकून
ताई, तोंड फोडणं इतिवृत्तात नको. सोसायटी आहे, खरंच कुणी फोडेल.

मेणवलीकर
'पुनश्च हरिः ॐ' लिहा. टिळकांनी १८९९ साली सुटकेनंतर पुन्हा लिहायला घेतलं तेव्हाच्या केसरीतल्या अग्रलेखाचं शीर्षक. काका खूश.

शुद्धलेखनवाला
ते स्वतःचं थांबलेलं काम पुन्हा सुरू करण्यासाठी. दुसऱ्यांनी मिटवलेल्या पार्किंगसाठी नव्हे. टिळकांना तरी सोडा.

जुना कारकून
पार्किंगवरून आठवलं. जुन्या मराठी निवाड्यांत या सगळ्याचा बंदोबस्त आधीच करून ठेवत. वाद सुरू होतानाच दोन्ही पक्ष 'राजीनामा' लिहून देत, की पंच जे ठरवतील ते आम्हाला राजी. हरणारा 'यजितखत' लिहून देई, माझा हक्क शाबीत झाला नाही, आता पुन्हा कज्जा करणार नाही. जिंकणारा सरकारात 'हरकी' (जिंकल्याच्या आनंदाची रक्कम) भरी, हरणारा 'गुन्हेगारी' (म्हणजे दंड). तुमच्या सभेत ठराव झाला तेव्हाच विरोधात मत देणाऱ्यांकडून यजितखत घ्यायला हवं होतं!

खवय्या
राजीनामा म्हणजे पद सोडणं ना? राजी असल्याचा कागद कसा?

इंदुरी जिरावन
आमच्या इकडच्या कोर्टात आजही 'राजीनामा हो गया' म्हणजे दोघांची तडजोड झाली. मामा पुण्याहून आले होते, शेजाऱ्याच्या केसचं ऐकून विचारतात, 'कोणत्या पदाचा?'

जुना कारकून
मधला दुवा महसुलात असावा. जमीन सोडणारा खातेदार राजीनामा देई आणि घेणारा कबुलायत (कबुलीचा कागद). सोडण्याचा अर्थ तिथून चिकटला असावा. कन्नडमध्येही राजीनामा म्हणजे पद सोडणंच.

कोर्टाची पायरी
मग हिंदीत 'इस्तीफा' का टिकला? तो अरबी. महसुलाची पद्धत तर उत्तरेतही होती. मला हे पटत नाही.

शुद्धलेखनवाला
दोन्ही शब्द परके. 'त्यागपत्र' म्हणा.

शब्दवेडी
तेही हिंदीतूनच आलंय.