प्रतिसाद: कलादालनातली इंटर्नशिप म्हणजे खुर्च्या मांडणंच का?

चाळीसगावच्या ताईंनी विचारलंय, कलादालनाच्या शिक्षण विभागातल्या इंटर्नला खरं काम मिळतं का. मिळतं. खुर्च्या मांडाव्या लागतात, नोंदवह्याही भराव्या लागतात, पण मुंबईतल्या एका दालनात मी 3 महिने मुख्यतः शाळेच्या मुलांसोबत होते. पहिल्या आठवड्यात 40 मुलांना अख्खं प्रदर्शन फिरवलं आणि कुणालाच काही आठवेना. मग एकाच चित्रासमोर त्यांना जमिनीवर बसवलं, "काय दिसतंय?" एवढंच विचारलं आणि गप्प राहिले. ते गप्प राहणं सगळ्यात अवघड! माहिती सांगायची घाई आपल्यालाच असते.

ताई, तुमच्या गावातच छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन आहे. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी अख्खी निसर्गदृश्यं उभी केली आणि त्यांचे फोटो काढले. मुलांना आधी फोटो दाखवा, तो कसा काढला असेल ते ओळखू द्या, मग वर्गात कापूस, काड्या, माती देऊन तसंच करायला लावा. आणि प्रश्न अहिराणीत विचारा, "तुमले काय दिखस?" तिकडच्या एका शाळेत मी असं विचारलं, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही बोलू लागली.

अर्ज करताना विद्यावेतन किती, हे मात्र आधीच विचारून घ्या. मुंबईत राहण्याचा खर्च फार होतो.